बैलगाडीचें चाक आणि मोटारीचें चाक

तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं दुपारीं महालांतील जुन्या वाड्यांतून जो गलबला उठतो, तो ज्यांनीं ऐकला नाहीं त्यांस नागपूर पुरतें कळलें असें आम्ही म्हणणार नाहीं. आदल्या दिवशीं खऱ्या बैलांचा मान होतो. दुसऱ्या दिवशीं मुलांच्या लाकडी बैलांचा. झूल पांघरलेले, शिंगांस बेगड लावलेले हे चाकांवरचे नंदी दोरीनें ओढीत मुलें घरोघर जातात आणि बोजारा घेऊन परत येतात. यंदा आमच्या नातवानें एक करामत केली. मोडक्या पांगुळगाड्याचीं मोठीं चाकें काढून तीं त्यानें आपल्या बैलाला बसविलीं. इतर मुलांचे बैल वाड्याच्या उंबरठ्याशीं अडून कोलमडत होते. याचा बैल मात्र थोडा हिसका देतांच उंबरठा चढून आंत आला. सर्वांनीं शाबासकी दिली तेव्हां तो मोठ्या गर्वानें म्हणाला, “बाबांच्या जीपसारखीं चाकें लावलीं आहेत!” त्यावर ओसरीवर जो हशा पिकला, त्यांत एक व्यक्ति मात्र सामील झाली नाहीं. ती म्हणजे त्याचे बाबा, अर्थात् आमचा पुतण्या.

हा हशा कां पिकला, हें सांगावयाचें तर गेल्या वर्षीच्या श्रावणांतली एक हकीकत सांगावी लागेल. ‘घरांतील यंत्रें’ या आमच्या सदरांत आजवर आम्हीं शिवणयंत्रापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत अनेक विषय घेतले. आजचा विषय वाड्याच्या अंगणांत उभ्या असलेल्या जीप गाडीचा आहे. ज्यांच्या घरीं अशी गाडी नाहीं त्यांसहि तो निरर्थक वाटणार नाहीं. कारण एक भाग बदलला असतां बाकीच्या भागांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हा नियम केवळ मोटारीपुरता नाहीं.

आमची जीप जुनी आहे. जीप ही जात मूळची लढाईंतली. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेंतील विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बांधल्या. युद्ध संपतांच विलिसनें तीच गाडी शेतकऱ्यांसाठीं थोड्या फेरफारानें विकावयास काढली. इकडे १९४५ सालीं महिंद्र बंधूंनीं मलिक गुलाम मुहंमद यांच्यासह ‘महिंद्र अँड मोहंमद’ ही पेढी स्थापिली. १९४८ सालीं तिचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालें. स्वातंत्र्याच्या सुमारास या पेढीनें मुंबईंत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढें ही गाडी शेतावर, जंगलखात्यांत, लष्करांत सर्वत्र दिसूं लागली. आमच्या वडील बंधूंनीं घेतलेली गाडी याच घराण्यांतली. काटोलकडे आमची थोडी संत्र्यांची बाग आहे. तेथें जाण्यायेण्यास तिचा उपयोग. इतक्या वर्षांत तिचें इंजिन, धुरे, पेट्या यांतील कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसविलेला, हें सांगणें आतां ब्रह्मदेवासहि कठीण आहे.

पुतण्याच्या मनांत मोठ्या चाकांची हौस कशी शिरली तें उघड आहे. २०२० सालीं निघालेल्या नव्या थार गाड्या हल्लीं रस्तोरस्तीं दिसतात. त्यांचे टायर कारखान्यांतूनच सुमारें ३१ इंच व्यासाचे असतात. आमच्या जीपचे ६००-१६ या मापाचे टायर सुमारें २८ इंचांचे. शेजारीं उभी केली कीं आमची गाडी पांच मुलांची आई झालेल्या थकल्या गाईसारखी दिसे. पावसाळ्यांत बागेच्या वाटेवर मधल्या दांडांत तिचें पोट घांसत असे, हेंहि खरें. पुतण्यानें रिमांसह ३१ इंचांचे रुंद टायर आणून चढविले. आम्हीं शंका काढली तेव्हां त्यानें जें उत्तर दिलें तें आम्हांस त्या वेळीं निरुत्तर करणारें वाटलें. तो म्हणाला, “काका, बैलगाडीचें चाक काय उगाच मोठें असतें? पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्याला कळलें तें आपल्याला कळूं नये?”

श्रावणांत एका संध्याकाळीं बागेंत असतां आमच्या गड्याची सून अडली. पाऊस धोधो पडत होता. गांवची सुईण म्हणाली कीं हें काम माझ्या हातचें नाहीं, इस्पितळांत न्या. जीपमध्यें ती मुलगी, तिची सासू, सुईण, गडी, त्याचा मुलगा, आम्ही, पुतण्या आणि वाटेंत ढकलण्यास लागतील म्हणून आणखी दोघे, अशीं नऊ माणसें बसलीं. नाल्यापर्यंत गाडी झोकांत गेली. मोठ्या चाकांनीं पाणीहि सहज कापलें. परंतु पलीकडच्या दरडीवर चढूं लागतांच इंजिन गुदमरलें. चारी चाकांस जोर दिला, सर्वांत खालचा गिअर घातला, तरी अर्ध्या चढावर गाडी थांबे आणि बंद पडे. इंजिनाचा वेग वाढवून क्लच हळूहळू सोडण्याचा प्रयत्न तीन-चार वेळां केला, तों जळकट वास सुटला. क्लच अगोदरच झिजलेला होता, तो आतां पुरता बसला. मागें त्या मुलीचें कण्हणें आणि पुढें पावसाची धार, अशा स्थितींत गडी कांहीं न बोलतां उतरला, नाला ओलांडून परत गेला आणि बैलांची जोडी घेऊन आला. बैलांनीं मान खालीं घालून, एकेक पाऊल रोवीत, ती गाडी आम्हां सर्वांसकट दरडीवर ओढून काढली. पुढें डांबरी रस्त्यावर एका मालमोटारवाल्यानें दया केली आणि मुलगी वेळेवर पोंचली. मुलगा झाला, आईहि सुखरूप आहे. परंतु आणखी अर्धा तास गेला असता तर काय झालें असतें, हा विचार आजहि आमच्या मनांतून जात नाहीं.

आतां बैलगाडीच्या चाकाकडे वळूं. पुतण्याच्या म्हणण्यांत चूक कोठें होती? बैलगाडीचें चाक मोठें असतें आणि तें योग्यच आहे; पण बैल गाडीला बाहेरून ओढतो. चाक तेथें केवळ अडथळे लहान करण्याचें काम करतें. जितकें चाक मोठें तितका दगड त्याला लहान, खड्डा त्याला उथळ. नातवाच्या लाकडी बैलाची गोष्ट तीच. दोरी त्याच्या हातीं होती. मोटारीचें तसें नाहीं. तेथें कोणी बाहेरून ओढीत नाहीं. इंजिन धुऱ्याला पीळ देतें आणि चाकाचा घेर जमिनीला मागें रेटतो, म्हणून गाडी पुढें जाते. भरलेली कळशी कोपर दुमडून अंगालगत धरली तर हलकी वाटते. तीच हात लांब करून धरावी तर खांदा भरून येतो. खांद्याचा पीळ तोच असतो, परंतु तो जितक्या दूर नेऊन वापरावा तितका त्याचा जोर कमी पडतो. मोटारीच्या चाकाची त्रिज्या म्हणजे हा लांब केलेला हात होय. म्हणून ओढल्या जाणाऱ्या गाडीला मोठें चाक ही निव्वळ कमाई आहे; स्वतः चालणाऱ्या गाडीला ती उधारी आहे आणि तिची फेड दुसरीकडे करावी लागते.

ही उधारी किती, हें त्रैराशिकानें कोणासहि काढतां येईल. २८ इंचांच्या जागीं ३१ इंच आले. २८ ला ३१ ने भागिलें असतां ०.९० येतात, म्हणजे जमिनीवर पडणारा जोर सुमारें एक दशांशानें घटला. नऊ माणसें, ओली दरड आणि झिजलेला क्लच यांच्या जोडीला हा दहावा हिस्सा गेला आणि तेवढ्यानें पारडें फिरलें. ज्या टायरांवर व्यास इंचांत छापलेला नसतो, त्यांचें मापहि असेंच काढावें. २३५/७५ आर १५ असें लिहिलें असेल तर पहिला आंकडा रुंदीचे मिलिमीटर. दुसरा, त्या रुंदीच्या शेंकडा किती इतकी टायरच्या भिंतीची उंची. तिसरा, रिमचा व्यास इंचांत. २३५ चे शेंकडा ७५ म्हणजे १७६. वरची व खालची भिंत मिळून ३५२. त्यांत १५ इंचांचे ३८१ मिळविले कीं ७३३ मिलिमीटर, म्हणजे सुमारें २९ इंच.

ही उधारी फेडण्याची जागा म्हणजे धुऱ्याच्या पोटांतील दांत्यांची जोडी, जिला आपले मिस्त्री ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. शिवणयंत्राचें खालचें मोठें चाक एकदां फिरलें कीं वरचें लहान चाक अनेकदां फिरतें. तेथें वेग हवा असतो. धुऱ्यांत याच्या उलट असतें. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला लहान पिनियन, तिच्या दांत्यांत गुंतलेलें मोठें क्राउन-चाक. पिनियनला ८ दांत आणि क्राउनला ३९ असले तर दांडा ४.८८ वेळां फिरेल तेव्हां चाक एकदां फिरेल. वेग तितका कमी आणि पीळ तितका अधिक. हे आंकडे आम्हीं मनचे घेतलेले नाहींत. लढाईंतल्या जीपला हीच ३९ व ८ ची जोडी होती. लढाईनंतर शेतकऱ्यांसाठीं काढलेल्या जीपला मात्र विलिसनें ४३ व ८ ची जोडी बसविली, म्हणजे ५.३८ पट. ३९ किंवा ४३ यांस ८ नें निःशेष भाग जात नाहीं. त्यामुळें पिनियनचा प्रत्येक दांत पाळीपाळीनें क्राउनच्या प्रत्येक दांताशीं भेटतो आणि झीज सारखी होते. सरळ ४० व ८ घेतले असते तर तेच दांत पुन्हा पुन्हा एकमेकांस भेटत राहिले असते.

कारखान्यानें शेतकऱ्याच्या जीपसाठीं हा फरक कां केला असेल? सैनिकाला हलकी गाडी घेऊन धांवावयाचें होतें. शेतकऱ्याला नांगर ओढावयाचा होता. घोड्याची धांव बैलाला नाहीं आणि बैलाचा जोर घोड्याला नाहीं. म्हणून कारखान्यानें एकच आंकडा बदलला नाहीं, सगळी साखळीच बदलली. लष्करी जीपच्या गिअर-पेटीचा पहिला गिअर २.६६ पट, चारी चाकांच्या पेटीचा खालचा गिअर १.९७ पट आणि धुरा ४.८८ पट, या तिघांचा गुणाकार सुमारें साडेपंचवीस. शेतकी जीपचे तिन्ही आंकडे याहून मोठे, गुणाकार सुमारें ३७. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असतां लष्करी जीप सर्वांत खालच्या गिअरमध्यें ताशीं साडेदहा किलोमीटर जाई, शेतकी जीप सव्वासात. वेगांत जें गेलें तें जोरांत मिळालें. आमचे गड्याचे बैल त्या रात्रीं हाच हिशेब आपल्या पायांनीं मांडीत होते.

आतां गंमत पाहा. लष्करी जोडीच्या गाडीला २८ ऐवजीं ३१ इंचांचें चाक लावलें तर पूर्वींचा जोर परत मिळविण्यास धुरा किती पटींचा हवा? ४.८८ ला ३१ नें गुणावें व २८ नें भागावें, उत्तर ५.४० येतें. शेतकी जीपची जोडी ५.३८ ची! मोठ्या चाकासाठीं जें हवें तें जवळजवळ तंतोतंत त्याच घराण्यांत तयार होतें. उलट ज्या गाडीला पूर्वींच ५.३८ ची जोडी आहे तिला ३१ इंचांचें चाक लावलें तर ती लष्करी जीपच्या तोलाची होते. तिच्या मालकानें हलक्या कामांत कांहीं न बदलतां भागवून नेलें तरी चालेल. म्हणून ‘अमुक चाकाला अमुक जोडी’ असा तयार कानमंत्र कोणी दिला तर तो घेऊं नये. आज आपल्या धुऱ्यांत काय आहे, हें अगोदर पाहावें.

तें पाहण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती मुलांस घेऊन करण्यासारखी आहे. सपाट जागीं गाडी उभी करून बाकीच्या चाकांस दगडांची अडण लावावी, गिअर मोकळा ठेवावा, चारी चाकांचा जोर काढून हँडब्रेक सोडावा. मग धुऱ्याचें एकच चाक जॅकनें उचलावें. धुऱ्याखालीं भक्कम आधार दिल्याशिवाय मात्र कोणीहि गाडीखालीं डोकावूं नये. चाकावर व दांड्यावर खडूची खूण करावी. दुसरें चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळें उचललेलें चाक दोनदां फिरवावें. तेवढ्यांत दांडा जितके फेरे घेईल तितक्या पटींचा तो धुरा समजावा. पांचांना थोडे कमी पडले तर ४.८८, पांच फेरे होऊन वर आणखी तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक भरलें तर ५.३८.

ही परीक्षा आम्हीं वेळेवर केली असती तर दुसरा फजितवाडा टळला असता. श्रावणांतल्या प्रसंगानंतर पुतण्यानें गाडी एका कारखान्यांत नेली. तेथील कारागिरानें नवा क्लच घातला, मागच्या धुऱ्यांत ५.३८ ची जोडी बसविली आणि पुढच्या धुऱ्याविषयीं विचारतां म्हणाला, “साहेब, पुढचं कायले बदलवता? चार चाकं तुम्ही वर्षातून किती वेळा लावता? मागचंच केलं तं चालते ना जी.” निम्मा खर्च वांचला म्हणून घरांतहि समाधान वाटलें. आठ दिवसांनीं अंगणांत चारी चाकांचा गिअर घालून गाडी वळवितांना असा कडकडाट झाला कीं वहिनीसाहेब तुळशीवृंदावनाजवळून दचकून मागें सरल्या. आणि तो गिअर कांहीं केल्या सुटेना.

गांधीसागर तलावाकडचे एक वृद्ध मिस्त्री आमच्या ओळखीचे आहेत. ते आले, त्यांनीं गाडी दोन हात मागें घ्यावयास लावली, तसा गिअर सुटला. मग त्यांनीं वरची खडूची परीक्षा दोन्ही धुऱ्यांवर केली. पुढें ४.८८, मागें ५.३८. ते म्हणाले, “एका जुवाला एक बैल धावणारा अन् एक चालणारा जुंपला तं जू मोडन नाही तं काय व्हईन?” याहून शास्त्रशुद्ध उत्तर आम्हांस सुचत नाहीं. चारी चाकें एका पेटीनें जोडलीं म्हणजे पुढचा व मागचा दांडा एकाच वेगानें फिरणार. अशा वेळीं मागचीं चाकें शंभर मीटर जातील तेवढ्यांत पुढचीं एकशें दहा जावयास पाहतात. चिखलांत तीं घसरून कसेंबसें निभावतील. परंतु कोरड्या, टणक जमिनीवर घसरण्यास जागा नसते, आणि तो सर्व ताण दांड्यांच्या सांध्यांवर व पेटीच्या दांतांवर पडतो. कांहीं तरी मोडेपर्यंत तो वाढतच जातो. म्हणून चारी चाकांच्या गाडीचें हें काम करावयाचें तर दोन्ही धुऱ्यांचें, नाहीं तर एकाचेंहि नाहीं. चारी टायरहि एकाच मापाचे आणि शक्य तों सारखे झिजलेले असावेत, हें त्याच कारणानें.

जोडी घेतांना क्राउन एका दुकानांतून व पिनियन दुसऱ्या दुकानांतून, अशी काटकसर करूं नये. दोन्ही एकमेकांवर घांसून जुळविलेलीं असतात आणि जोडीनेंच विकलीं जातात. बसवितांना दांतांमधील फट केंसाइतकी जरी चुकली तरी गाडी गुणगुणूं लागते आणि थोड्याच दिवसांत दांत खातात. तेव्हां दांतांना रंग लावून, त्यांची छाप कोठें उमटते हें पाहून, पातळ चकत्या घालून तें जुळविणारा हात शोधावा. पहिले कांहीं दिवस गाडी सावकाश व हलकी चालवावी आणि नंतर धुऱ्यांतील तेल एकदां बदलून टाकावें.

येथें कोणी म्हणेल, जोर वाढविणें इतकें चांगलें तर त्याहूनहि अधिक पटींची जोडी कां घेऊं नये? त्याचें उत्तर हमरस्त्यावर मिळतें. २८ इंचांचें चाक आणि ४.८८ ची जोडी असतां वरच्या गिअरमध्यें ताशीं ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारें २,१८० फेरे घेतें. चाक तेंच ठेवून केवळ ५.३८ ची जोडी लावली तर २,४०० घेतें. म्हणजे त्याच प्रवासाला अधिक आवाज, अधिक झीज, बहुधा अधिक इंधन. चाक ३१ इंचांचें व जोडी ५.३८ ची केली तर फेरे पुन्हा २,१७५ वर येतात, म्हणजे गाडी होती तशी होते. आमच्या मतें सामान्य गृहस्थानें इतक्यावरच थांबावें. कारखान्यानें इंजिनाचा व चाकाचा जो तोल साधला होता तोच पुन्हा साधणें, हें उद्दिष्ट असावें. चाकाची वाढ शेंकडा तीन-चार असेल तर दांतांस हात लावूं नये. शेंकडा दहाच्या घरांत असेल तर हात लावल्याशिवाय राहूं नये. ज्याचें बहुतेक चालणें डोंगरांत, ओझें घेऊन असेल त्यानें एखादी पायरी जोराकडे झुकावें. ज्याचें बहुतेक चालणें वर्धा रोडवर असेल त्यानें झुकूं नये.

वेग दाखविणारें घड्याळहि या हिशेबांत येतें. आमच्या जीपचें घड्याळ दांड्याचे फेरे मोजतें. चाक मोठें झालें हें त्याला कोण सांगणार? नुसतीं चाकें बदललीं होतीं तेव्हां तें ५० दाखवी आणि गाडी ५५ नें जात असे. किलोमीटरहि कमी मोजले जात, त्यामुळें पेट्रोलचा खर्च होता त्याहून अधिक वाटे आणि महिन्याच्या हिशेबाच्या वेळीं घरांत वाद होत. जोडी बदलल्यावर तें घड्याळ आपोआप खरें बोलूं लागलें.

एवढें करूनहि उधारीचे कांहीं हप्ते उरतातच. मोठ्या चाकाला थांबविण्यास ब्रेकला अधिक जोर लागतो, आणि दांत बदलल्यानें ब्रेक सुधारत नाहींत; ते स्वतंत्र तपासून घ्यावेत. रुंद टायरांनीं सुकाणूं जड होतें, बेअरिंगांवर ताण पडतो, वळतांना टायर पत्र्याला घांसतो. आणि ज्या लाभासाठीं हें सारें करावयाचें तो किती? व्यास तीन इंचांनीं वाढला तरी धुरा जमिनीपासून दीडच इंच उंच जातो. उरलेला दीड इंच धुऱ्याच्या वर जातो. या एका गोष्टीचा विचार केला तर दहांपैकीं निम्मे लोक मोठ्या टायरांच्या दुकानाच्या पायरीवरूनच परततील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, जुन्या मापाचे खोल खांचांचे चांगले टायर घ्यावेत, चिखलांत हवा थोडी कमी करावी आणि पक्का रस्ता लागतांच ती पुन्हा भरावी. पुष्कळशा वाटा एवढ्यानेंच सुटतात.

कायद्याचाहि विचार हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाहून नोंदणींतला तपशील वेगळा पडेल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें स्पष्ट केलें आहे. अपघात झाला असतां विमेवाले प्रथम याच ठिकाणीं बोट ठेवतील. तेव्हां परिवहन कार्यालयांत व विमा पेढींत चौकशी करून लेखी उत्तर घ्यावें. हें काम गाडीला हात लावण्यापूर्वींचें आहे. आमच्या घरीं तें मागाहून झालें आणि त्यापायीं पुतण्याला पुष्कळ हेलपाटे पडले. नव्या गाड्यांत ब्रेक, इंजिन आणि वेग यांचा हिशेब विजेच्या यंत्रांनीं एकमेकांशीं बांधलेला असतो. तेथें कारखान्यानें स्वतः दिलेल्या मापांपलीकडे जाण्याचा मोह धरूंच नये.

पुतण्यानें शेवटीं पुढचा धुराहि बदलला, ब्रेक नवे केले आणि या सर्वांचा एकत्र खर्च एका वहींत मांडून वडील बंधूंपुढें ठेवला. टायरांच्या किंमतीहून टायरांमागून आलेला खर्च अधिक होता. बंधूंनीं वही पाहिली, मिटली आणि एवढेंच म्हणाले, “दोन्ही आंकडे अगोदर मांडले असतेस, तरी मीं नाहीं म्हटलें नसतें.” पुतण्याला हें बोलणें रागावण्याहून अधिक लागलें असें आम्हांस वाटतें. तेव्हांपासून घरांतली कोणतीहि नवी वस्तु घेतांना तो तिच्यामागून काय काय येईल याचा दुसरा रकाना आंखतो.

यंदाच्या श्रावणांत आम्ही पुन्हा त्याच नाल्यावर गेलों. पाऊस तसाच होता. गाडींत माणसें आठ होतीं आणि गड्याचा एक वर्षाचा नातू त्याच्या आजीच्या मांडीवर होता. दरड आली तेव्हां कोणी बोललें नाहीं. पुतण्यानें खालचा गिअर घातला. इंजिन न गुदमरतां एका सुरांत चालत राहिलें आणि गाडी माणसाच्या चालीनें वर चढून आली. गड्यानें खालीं उतरून तिच्या बॉनेटवर थाप मारली, जशी तो बैलाच्या वशिंडावर मारतो तशी.

वहिनीसाहेबांची एक तक्रार मात्र राहिली होती. इतका हिशेब केलात, पण उंच झालेल्या गाडींत आम्हीं बायकांनीं लुगडें सांवरून चढावें कसें, हें कोणाच्याच वहींत नव्हतें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं पुतण्यानें लोहाराकडून दोन्ही बाजूंस पायरी बसवून आणली.